देवाखालचा कागद

मंगळवार, ६ जाने.

आलं ते : गहू लोकवन २५ किलो ९५०/-. गूळ १ किलो ६०/-. काटोलची संत्री दारावर, डझन ८०/- (शंभर सांगत होता). तीळ आणला नाही, यंदा सण नाही. रजिस्टर पाकीट १, जबलपूरहून, फ्लोरा मिसचं. त्याला खर्च काही नाही.

सही मी केली. पोस्टमन म्हणाला, "साहेब नाहीत का?" म्हटलं, नाहीत. म्हणाला, बरं. त्याला वाटलं बाहेर गेले असतील. दीड महिना होत आला, अजून एकेकाला सांगावं लागतं. आज नाही सांगितलं.

पाकीट उघडलं नाही. देवापुढे ठेवलं.


बुधवार, ७ जाने.

उघडलं. मोठ्ठाल्या अक्षरात चार पानं. मिसना आता ऐकू येत नाही, डावा कान गेला, उजवा अर्धा. फोनचा उपयोग नाही म्हणून लिहितात.

"वहिनी, घाटोळे गेल्याचं कळलं त्यावर दोन दिवस मी व्हायोलिन हातात घेतलं नाही." असं सुरू केलंय. मग कामाचं. डिसेंबरात राहून गेलेला कार्यक्रम आता २२ फेब्रु.ला, रविवारी, आपल्या नागपूरच्याच चर्चच्या हॉलात. पहिलं व्हायोलिन स्वतः मिस, शेवटचं. यानंतर वाजवणार नाहीत. ह्यांच्या जागी त्यांची एक शिष्या बसेल. त्यासाठी मधल्या भागाचे ह्यांच्या हातचे कागद पाहिजेत. बाजारात छापील मिळतात पण त्यात "आम्ही दोघांनी घातलेलं" नाही.

तीस वर्षं वर्षातून एकदा हे दोघं तो कॉन्चेर्टो वाजवत आले. हा शब्द ह्यांचाच, मी कधी मोठ्याने उच्चारला नाही. कोण्या जर्मन माणसाने तीनशे वर्षांमागे बांधलेलं. दोन व्हायोलिनवाले पुढे, बाकी दहा-बारा जण मागे. मिस पहिल्या, हे दुसरे. तीन भाग. मधला संथ.

मिसनी खाली रेघ मारून लिहिलं आहे : मधल्या भागाचं तिसरं पान. सुटं आहे. ते विसरू नका. छापलेल्यात तिथे दोघं एकत्र वाजवतात. ह्यांनी आठ मात्रा सोडल्या, त्यात मिस एकट्या, आणि मग ह्यांचं शेवटचं वळण. "माझ्या आठ मात्रा मी कधी लिहिल्याच नाहीत वहिनी. त्यांचं ऐकलं की माझं येत होतं. आता त्यांचं कानात राहिलं नाही, तर माझंही येत नाही. ते पान आलं तर येईल."

तिसरं पान नाही.


शुक्रवार, ९ जाने.

काल गुरुवार, देव घासले. आज लिहिते. वहीत नाही लिहिलं तर कुठे लिहू.

दिवाळीच्या साफसफाईत देवघरातला जुना कागद काढला, तेलाने काळा झाला होता. लाल कापडाखाली घालायला जाड कागद पाहिजे. ह्यांच्या टेबलाखाली एक सुटा पडला होता. पिवळसर, टिकाऊ, अगदी मापाचा. वर त्या मुंग्यांसारख्या खुणा. वाटलं जुना असेल, खाली पडला म्हणजे रद्दीच. घातला. वर कापड, वर देव.

दिवाळी झाली आणि हे शोधायला लागले. कपाट, गादी, पेपरचा गठ्ठा.

"अवं, एक सुटा कागद पाहिला का तू? मले सापडून नाही राहिला."

मी भाजी निवडत होते. मला त्या वेळी खरंच आठवलं नाही. "मी काहून घेईन तुमचे कागद," म्हटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी देव घासायला उचलले आणि दिसलं.

त्यावर समईचं तेल गेलं होतं, कुंकू पाझरलं होतं. खुणा अर्ध्या दिसत होत्या. मी कापड परत घातलं. देव बसवले. ह्यांना सांगितलं नाही.

का नाही सांगितलं ते आज नको.


रविवार, ११ जाने.

सुनीता आली मौद्याहून, एकटीच. जावयांची प्लांटात ड्युटी. माझी पोरगी पण बोलायला बापासारखी, सरळ.

"आई, पोळी जळून राहिली! लाटणं धरून काहून उभी आहे वं?"

मला कळलंच नव्हतं. ह्यांची सरावाची वेळ संध्याकाळी साडेसहा, माझी पोळ्यांची तीच. मधलं दार. तीस वर्षं स्वयंपाकघरातून मी फक्त ह्यांचं ऐकलं. दुसऱ्या व्हायोलिनचं. वाजवत वाजवत हे थांबत. एक-दोन-तीन... आठ मोजत, मग पुन्हा. मीही लाटणं थांबवायची. पोळपाटावर बोटाने आठ. मग लाटणं चालू. सवय. आता आतून काही वाजत नाही आणि लाटणं मात्र थांबतं. त्याच जागी.

आधी वाटायचं हे विसरतात, आठवायला थांबतात. एकदा विचारलंही होतं, "रोज तिथंच काहून अडकता?" हसले. म्हणाले, "अडकत नाही. तिथं दुसरं कोणी बोलते."

सु.ने मोबाईलवर ते सगळं लावून दाखवलं, परदेशातल्या लोकांनी वाजवलेलं. मला काही ओळखू येईना. एवढी गर्दी. म्हटलं, हे नाहीच. मग मधला भाग लागला आणि त्या गर्दीत एकदम, बाजारात लांबून आपल्या माणसाचा पाठमोरा सदरा दिसावा तसं. हे होतं. ह्यांचं होतं.

सु. म्हणाली, "म्हणजे बाबा तीस वर्षं अर्धंच गाणं वाजवत होते होय?"

म्हटलं, अर्धं कशाचं. आपल्या वाट्याचं.

त्यातल्या तिसऱ्या पानाच्या जागी दोघं एकत्र वाजवत होते. आठ मात्रा नव्हत्याच. लाटणं थांबायला जागा नव्हती.


सोमवार, १२ जाने.

सु. परत गेली, दुपारची बस. जाताना व्हायोलिनची पेटी उघडू म्हणत होती. नको म्हटलं.

साडेतीनला त्या खोलीतून टण्ण असा आवाज. दार ओढलेलं, पेटी बंद. थोड्या वेळाने परत एक, खालच्या सुराचा.

थंडीत खुंट्या आकसतात, तार सैल पडते, हे माहीत आहे मला. ह्यांनीच सांगितलेलं. दर जानेवारीत होतं. पण दर जानेवारीत मागून ह्यांचं "अरेच्चा" यायचं.


बुधवार, १४ जाने. संक्रांत

घरीच. समोर हळदीकुंकू, बायकांची ये-जा. संध्याकाळी वत्सलाबाई मागच्या दाराने आली. आमच्या भजनी मंडळात ती टाळ धरते, मी हार्मोनियम. पंचवीस वर्षांची सोबत. पदराखालून दोन लाडू काढले.

"सुतक संपलं, गोड खाल्लं तर देव काय काठी घेऊन येते? खा."

तिला सगळं सांगितलं. कागदाचं. ती जेवढी मोठ्याने बोलते तेवढी मोठ्याने हसली. मग थांबली.

"लिहून टाक न वं, वाळवीनं खाल्ला म्हणून. इथं हुडकेश्वरला कोणाच्या घरी वाळवी नाही? कोण येते पाहाले?"

ती गेल्यावर तसंच लिहिलं. अंतर्देशीय पत्रावर. "कळवण्यास दुःख होते की तिसरे पान वाळवीने" वगैरे. अक्षरही चांगलं आलं.


गुरुवार, १५ जाने.

आज देव घासायचा दिवस. कापडाखाली आता कॅलेंडरचं पान आहे.

ह्यांना मी का नाही सांगितलं ते लिहिते.

दरवर्षी म्हणत, "एकदा ये ना. मागच्या खुर्चीवर बस." मी कधी चतुर्थी, कधी पाहुणे, कधी पाय दुखतो. लोकांना वाटायचं चर्चचा हॉल म्हणून येत नाही, बाई फार देवाची. मीही तसंच वाटू दिलं. खरं तसं नव्हतं. तिथे आठ मात्रा दुसरं कोणी बोलतं ते मला पाहायचं नव्हतं. मिस चांगल्या बाई आहेत. आल्या की चप्पल बाहेर काढून आधी देवाला हात जोडत. माझ्या हातचा झुणका मागून खात. त्यात वाईट काही नव्हतं कधी, मला ठाऊक आहे. वाईट नव्हतं म्हणून तर मला काही बोलता येत नव्हतं.

तर त्या गुरुवारी कागद दिसला तेव्हा मनात आलं, राहू दे. देवानेच घेतला. एक वर्ष नाही वाजवलं तर काय होतं.

शनिवारी ह्यांनी मिसना पत्र टाकलं, पान हरवलं, यंदा जमत नाही. मिसनी कार्यक्रमच पुढे ढकलला, घाटोळे नाही तर मी नाही. त्यानंतर हे रोज साडेसहाला बसत, पहिलं पान, दुसरं पान, आणि थांबत. मग पेटी बंद. मी पोळ्या लाटत राहायची, आठ मोजायची, पुढचं यायचं नाही.

"पाठ आहे न तुम्हाले, तीस वर्षांचं?" एकदा मीच म्हटलं.

"हाताले कागद पाहिजे वं. समोर नसला की हात घाबरतो."

देवघर त्यांच्यापासून आठ पावलं असेल. सकाळी तिथेच उभे राहून हात जोडत.

सतरा दिवस झाले असतील. चोवीस नोव्हेंबरला सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत बसल्या जागी गेले.

तेरवी झाली, देवघर उघडलं. तेरा दिवस झाकलेलं. देवाखालचा कागद, रद्दीत कसा टाकू. निर्माल्याबरोबर तलावावरच्या कलशात टाकला. हात जोडले. तेव्हासुद्धा देवाखालचा म्हणून जोडले, ह्यांचा म्हणून नाही. घरी येताना रस्त्यात कळलं. परत गेले. गाडी निर्माल्य घेऊन गेली होती.

वाळवीचं पत्र टाकलं नाही.


शनिवार, १७ जाने.

सु.चा फोन. संक्रांतीला फोनवर तिला वाळवीचं सांगितलं होतं, आज खरं सांगितलं. म्हणाली, "आई, तुले तर येते न ते. तू ऐकलं न रोज. गुणगुण, मी रेकॉर्ड करून पाठवतो."

गुणगुणलं. चार वेळा. भजनाच्या गळ्याला ते पेलत नाही, सगळं अभंगासारखं होतं. शिवाय मिसना ऐकू कुठे येतं. त्यांना लिहिलेलंच पोचतं.

लिहिलेलंच.


रविवार, १८ जाने.

मंडळाची हार्मोनियम घरी आणली. वत्सलाबाईने एक बाजू धरली. "शोकात बाजा वाजवते, लोक काय म्हणतील?" मग स्वतःच, "म्हणू दे. त्यांच्या घरी वाळवी लागो."

त्या मुंग्यांच्या खुणा मला येत नाहीत. पण सा रे ग म मला येतं. मंडळाच्या बाईंनी शिकवलेलं, दोन सप्तकं, कोमल-तीव्र सगळं. आधी काळी एकमध्ये धरलं, जुळेना. पांढरी दोन, नाही. पांढरी चारचा सा धरला आणि ह्यांचं घर उघडल्यासारखं झालं.

तीन ओळी लागल्या. दुसऱ्याने सुरू करायचं असतं या भागात, पहिला मागून येतो. हे अभिमानाने सांगत : "दुसरा म्हणजे कमी नाही वं. दुसऱ्याशिवाय पहिला सुरू नाही होत."


सोमवार, १९ जाने.

पानं एक नि दोन ह्यांच्या हातची आहेत, तीच पाठवायची. मी तिसरं लिहिते आहे. हिशोबाच्या वहीचं कोरं पान, उभ्या रेघा आहेतच, एका चौकोनात एक मात्रा. सोपं पडतं.

पोळपाट पुढ्यात घेतल्याशिवाय आठवत नाही. वत्सलाबाईने पाहिलं, एका हाताने लाटणं, एका हाताने सूर. "बुद्धी गेली तुई," म्हणाली, आणि भाता ओढायला बसली.


मंगळवार, २० जाने.

संपलं.

पण एक झालं. ह्यांचा तुकडा लिहिला, मग आठ चौकोन सोडायचे. ह्यांनी सोडलेले. मग शेवटचं वळण. ते वळण काल पाच वेळा चुकलं होतं, आज एका फटक्यात आलं. दुपारचे बारा-साडेबारा. वत्सलाबाई अंगणात तूर वाळत घालत होती. मी लिहीत गेले, शेवटी दोन उभ्या रेघा दिल्या, पेन ठेवलं.

पाहते तर आठ चौकोन रिकामे नाहीत.

माझंच अक्षर. प – ध नि सां – नि ध. मी कधी लिहिलं? हे ह्यांचं नाही. ह्यांनी तिथे कधी एक सूर वाजवला नाही, मी शपथेवर सांगेन. हे कधी गुणगुणत नव्हते, आंघोळीतसुद्धा नाही. मोबाईलमधल्या गर्दीत ते नव्हतं. भजनातलं कोणतं आहे का म्हणून सगळी भजनं आठवून पाहिली.

हार्मोनियमवर वाजवलं. ह्यांचा तुकडा, मग ते आठ, मग वळण. बसतं. कुठे सांधा दिसत नाही.

वत्सलाबाई अंगणातून ओरडली, "हे छान आहे वं! हे कोणाचं?"


बुधवार, २१ जाने.

खोडून टाकावं असं वाटलं. खोडलं तर खालचं दिसेल, नवीन पान घ्यावं लागेल. नवीन पानावर पुन्हा लिहायला बसले तर पुन्हा तेच झालं तर?

पेटी उघडली. तार एक तुटलेली, दोन सैल. आत ह्यांचा रुमाल. परत बंद केली.

साडेसहाला पोळ्या. लाटणं थांबलं. एक, दोन, तीन. आज मोजता आलं नाही. मोजायच्या जागी ते सूर येत होते.


शुक्रवार, २३ जाने.

पत्र लिहिलं. काहीच खोडलं नाही. सु.ला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "आई, देवाखालचं काढून टाक, त्यांना वाईट वाटेल." नाही काढलं. रजिस्टर केलं, पावती वहीत डकवली. नक्कल :

मिस फ्लोरा यांस,

सा. न. वि. वि.

ह्यांच्या हातची पानं एक आणि दोन सोबत आहेत. तिसरं नाही. ते मी देवाखाली घातलं, आणि ह्यांनी शोधलं तेव्हा ठाऊक असून सांगितलं नाही. नंतर ते निर्माल्यात गेलं. वाळवीने खाल्लं असं एकदा लिहिलं होतं, ते टाकलं नाही. तुमचा डिसेंबरचा कार्यक्रम माझ्यामुळे बुडाला, आणि ह्यांचं शेवटचं वाजवणंही. तुम्ही रागावलात तर ते योग्य आहे.

तिसरं पान मी ऐकलेलं तसं लिहून पाठवते. सा म्हणजे पांढरी चार. तुमच्या शिष्येला आमच्या खुणा येत नसतील तर कोण्याही हार्मोनियमवाल्याला दाखवा, तो सांगेल. ह्यांचं जे आहे त्याची मला खात्री आहे. ते मी तीस वर्षं ऐकलं.

मधल्या आठ चौकोनांची खात्री नाही. ती जागा ह्यांनी तुमच्यासाठी सोडलेली. तिथे तुम्ही काय वाजवता ते मी एकदाही ऐकलं नाही, कारण मी एकदाही आले नाही. तरी माझ्या हाताने तिथे काही लिहिलं गेलं. कुठून आलं ते मला सांगता येत नाही. मी विचार करून लिहिलं नाही. तुम्ही व्हायोलिनवर वाजवून पाहा. ऐकू नाही आलं तर बोटांना विचारा.

ते तुमचं आहे का?

तुमचं नसलं तर खोडा, माझ्या मनाचा खेळ समजा. तुमचं असलं तर बावीस तारखेला मी येईन. मागच्या खुर्चीवर बसेन. पण आधी मला कळलं पाहिजे. त्याशिवाय त्या हॉलात पाय टाकायची हिंमत होणार नाही.

सोबत माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. लांब लिहू नका. हो किंवा नाही, एवढंच, पत्र मिळाल्या दिवशीच टपालात टाका. मी वाट पाहते.